कपाच्या बुडाचा डाग

४ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. यायला चार वर्षं लागली, पण त्यात पोस्टाचा काही दोष नाही.

हे वळणदार अक्षर बघून म्हातारी शिकली की काय, असं वाटून घेऊ नकोस. मी आहे तशीच अंगठेबहाद्दर आहे. लिहून घेताहेत ते कोर्टसाहेब. साहेब म्हणजे न्यायाधीश वगैरे नव्हेत. कोर्टात लघुलेखक होते, छत्तीस वर्षं लोकांचे जबाब उतरवून घेतले. आता इस्पितळाच्या व्यायामखोलीत माझ्या शेजारच्या फिरत्या पट्ट्यावर चालतात. त्यांच्या छातीवर मधोमध वीतभर शिवण आहे. ज्याने घातली त्याला डॉक्टरकी येत असेल, हातशिलाई येत नाही. आता हे कशाला लिहिताय? म्हणतात, बोललात ना, मग आलं. ही त्यांची खोड आहे. तोंडातून निघालं की कागदावर, आणि एकदा कागदावर गेलं की खोडायचं नाही. तेव्हा मध्येच मी भलतंसलतं बोलले तर तेही तुझ्यापर्यंत पोचेल. सांभाळून घे.

आजी आणि व्यायाम, हसलीस ना? हस. उभा जन्म शिंप्याच्या कारखान्यात शर्टांची काजं करण्यात गेला, बसल्या जागी. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कॅनव्हासचे बूट घालून मैलभर चालते आणि उतरते ती चढले तिथेच. छातीत जरा धडधडतं म्हणून. वयाचं आहे. नवीनच आहे हे दुखणं. म्हणजे तसं अगदी नवीन नाही. कोर्टसाहेब, ‘नवीन आहे’ एवढंच ठेवा. नाही ठेवत? बरं.

तुझं कार्ड त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. फार लांब नाही, म्हणून पाठच झालं. ‘आजी, मोजणी खात्यात डोंगराकडच्या कामासाठी सगळ्यांची नावं लागली आहेत. माझ्या छातीचा जुना कागद जोडला तर मला तळघरातच नकाशे रंगवायला ठेवतील. पेटीतला तो कागद पाठव. तीस तारखेच्या आत हवा. हल्ली दोन जिने चढले तरी धडधडतं. बाकी ठीक.’

बाकी ठीक. चार वर्षांचं सगळं दोन शब्दांत बसवलंस. माझ्यावर गेलीस म्हणावं तर मला एवढं थोडक्यात कधी जमलं नाही.

कागद शोधते. पत्र्याची पेटी तुला माहीतच आहे. वाचता येत नसलं तरी माझा एकही कागद आजवर हरवला नाही. वरचा उजवा कोपरा दुमडलेला असला की काम झालं. खालचा डावा दुमडलेला असला की काम बाकी. कोपरा फाडलेला असला की भांडणाचा कागद. तू दुसरीत असताना प्रगतिपुस्तकाचा खालचा डावा कोपरा दुमडून माझ्या हातात दिला होतास. काय गं हे, विचारलं तर म्हणालीस, गणित बाकी आहे.

तर कागद कुठे जात नाही. पण पेटी जड, माळ्यावर आहे, आणि व्यायामबाईने मला जड उचलू नका म्हणून बजावलंय. आठवडा जाईल.

शेजारणी अजून मला मोठीच म्हणतात. तुझ्या वडिलांनी हौसेने तुला माझं नाव दिलं, मग एका घरात एकाच नावाच्या दोघी म्हणून मी मोठी आणि तू धाकटी. ते नवराबायको परदेशी कामाला गेले, नावाचा घोळ आपल्या दोघींना देऊन. आता घरात धाकटी नाही, तरी मी मोठीच.

तुमच्या त्या तळघरात ओल आहे का? दिवसासुद्धा दिवे लावून बसता का?

मोठी
(अंगठा माझा, शाई कोर्टसाहेबांची.)


१० मार्च

धाकटे,

पेटी अजून माळ्यावरच आहे. कोर्टसाहेबांनी शिडी धरतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तुमची शिवण उसवली तर सुई घेऊन मलाच बसावं लागेल.

तोवर तुझ्या धडधडीचं बोलते, कारण आता मी त्यातली जाणकार आहे. मला हे कधी होतं, ऐक. बसच्या पायरीवर. दोरीवरचे कपडे काढताना हात वर गेले की. कधी काहीच न करता, किटलीकडे बघत उभी असते तेव्हा. आधी एक ठोका चुकतो, जिना उतरताना शेवटची पायरी नसतेच तसा. मग कुणीतरी शिलाईयंत्राच्या पॅडलवर पाय दाबून धरावा आणि खालचं कापड संपलेलं असावं, तशी सुई नुसती धावत सुटते. गळ्यापर्यंत कळतं. आणि मग जी भीती वाटते तिची वेगळी धडधड सुरू होते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की कुठली कुणाची ते ओळखू येत नाही.

व्यायामबाई, म्हणजे आम्हां म्हाताऱ्यांना पट्ट्यावर चालवते ती, तुझ्याच वयाची आहे. तिने मला उपाय शिकवला. सुई काढलेली इंजेक्शनची मोठी पिचकारी तोंडात धरायची आणि आतला दट्ट्या हलेल इतक्या जोराने फुंकायचं, मग आडवं होऊन पाय वर. कारखान्यातल्या बायकांसमोर हे केलं असतं तर त्यांची धडधड सुरू झाली असती. पण सुई थांबते, खरंच थांबते. नाही थांबली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत दुखलं तर मात्र तिथेच बसायचं आणि माणसं बोलवायची, लाजायचं नाही. चालायचं ते रोज, पण किती, तर सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे आणि गाता आलं नाही पाहिजे. पहिल्या दिवशी मी गाऊन दाखवलं, तर बाईने पट्ट्याचा वेग वाढवला. कोर्टसाहेब म्हणाले, गाणं ऐकून नव्हे, गाणं बंद व्हावं म्हणून वाढवला.

परवा मात्र तिने वही काढून विचारलं, “आजी, हे पहिल्यांदा कधी झालं?”

मी म्हटलं, “अकरा वर्षं झाली.”

“अकरा वर्षं? आणि औषध?”

“नळाचं गार पाणी.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तेव्हा कुणी कार्डिओग्राम काढला होता का? तो कागद मिळाला तर फार बरं होईल.”

मी म्हटलं, हरवला.

शेजारच्या पट्ट्यावर कोर्टसाहेबांनी मान वळवली.  ‘माझा एकही कागद आजवर हरवला नाही’ हे वाक्य त्यांनी चार तारखेला स्वतःच्या हाताने लिहून घेतलंय. छत्तीस वर्षं साक्षीदारांची बोलणी ऐकलेला माणूस, त्याला काय सांगायचं. घाम पुसायच्या निमित्ताने मी तोंड पुसलं.

आता बघ, एक जुना कागद ती मागतेय, एक तू मागतेयस. पेटीत तसला कागद एकच आहे.

आज इथेच थांबू या, कोर्टसाहेब. दमले मी.

मोठी


१६ मार्च

धाकटे,

हे पत्र बसून वाच. चालता चालता वाचू नकोस.

तुझी छाती चांगली आहे. तो कागद तुझा नाही, माझा आहे.

कोर्टसाहेबांचं पेन क्षणभर थांबलं. अहो, लिहा. तुम्हीच म्हणता ना, बोललं की आलं.

तू सोळा वर्षांची होतीस. धावणं शिकवणाऱ्या शिट्टीवाल्या सरांनी तुला धावण्याच्या चार वर्षांच्या निवासी शिबिरासाठी निवडलं होतं. सगळ्या मुलींचे कार्डिओग्राम कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे काढायला लावले, तुझाही काढला. त्याच आठवड्यात मला कारखान्यात धडधड झाली. सुई हातातून पडली, मुकादमाने घरी पाठवलं. मी तुला न सांगता त्याच डॉक्टरांकडे गेले, त्यांनी माझाही काढला. कागद आणायला गेले तेव्हा त्यांनी माझा माझ्या हातात ठेवला. नाव आणि आडनाव, दोघींचं एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर घरी आले. तू पाव आणायला खाली गेली होतीस. कागद टेबलावर होता, त्याच्यावर माझा चहाचा कप. सरांनी आपला फॉर्म ठेवायला कप उचलला. खाली गोल डाग पडला होता, नेमका वयाच्या आकड्यावर. सरांना नाव दिसलं, वय दिसलं नाही. उभ्या उभ्या वाचत गेले आणि त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, “म्हणून शेवटच्या फेरीला धडधडतं म्हणत होती पोर.” आता शेवटच्या फेरीला कुणाच्या छातीत धडधडत नाही? पण कागदात लिहिलेलं होतं, धावणं बंद, जड मेहनत बंद, मोठ्या इस्पितळात दाखवावे. ते म्हणाले, “आजी, मला हिला नेता येणार नाही. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू.”

मला वाचता येत नाही. कुठला कागद कुणाचा, त्यावर काय लिहिलंय, मला काय कळणार होतं? माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत सर जिना उतरले होते. मग तू पाव घेऊन आलीस, आणि तुला काय झालंय ते मी सांगितलं. तूही तो कागद वाचलास. नाव तुझंच होतं.

गैरसमज झाला गं. आणि मग रोज एक दिवस उशीर होत गेला. मोठ्या इस्पितळात पुढच्या महिन्यात जाऊ म्हणत राहिले. तुलाही जायची भीती वाटायची, म्हणून तूही कधी मागे लागली नाहीस. धावायचे बूट तू स्वतःच शेजारणीच्या मुलीला देऊन टाकलेस. ती ते घालून जिन्यात धावायची, तेव्हा मी दार लावून घ्यायची.

झाल्या गोष्टीला इलाज नाही. अडाणी बाईच्या हातून झालेली चूक आहे. मोठ्या मनाने पोटात घाल.

मोठी


१९ मार्च

धाकटे,

मागचं पत्र पोस्टात पडलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पट्ट्यावर चढले तर कोर्टसाहेबांनी आपला पट्टा थांबवला. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, “काही नाही. कोर्टात असा जबाब झाला की वकील खाली बसायचे आणि न्यायाधीश विचारायचे, एवढंच का?”

मी म्हटलं, एवढंच.

ते म्हणाले, “बरं.” आणि चालायला लागले. माझ्याच्याने मात्र पाच मिनिटंही चालवलं नाही. बाई धावत आली, पिचकारी दिली. फुंकून सुई थांबली, पण कोर्टसाहेबांचं ‘बरं’ काही थांबलं नाही.

तर आता उरलेलं.

कागद दोन होते. डॉक्टरांनी मला दोन्ही दिले, माझाही आणि तुझाही. समोर बसवून समजावलं, “हा तुमचा, हा नातीचा. नातीचा एकदम स्वच्छ आहे, धावू दे तिला. तुमचा मात्र दाखवून घ्या. आणि घरात एकट्या राहू नका.”

घरी येईपर्यंत मी ते दोन हातांत धरून आणले, माझा डाव्या हातात, तुझा उजव्या. कारण एकदा एकत्र झाले की मला कोण सांगणार? नाव एक, कागद एकसारखे. टेबलाशी आले आणि खूण म्हणून माझ्या कागदावर कप ठेवला. भरलेला, ओला कप, मुद्दाम. डाग पडला तो मी पाडला. डागाचा तो मोठीचा, कोरा तो धाकटीचा. वाचता न येणारी बाई आपले कागद कसे ओळखते हे तुला पक्कं ठाऊक, तरी मागच्या पत्रात अडाणीपणाच्या आड लपले. लपायला जागा बरी आहे ती. कुणी आत येऊन बघत नाही.

सरांनी कप उचलला तेव्हा मला एका नजरेत कळलं, ते माझं दुखणं वाचताहेत. त्यांनी मान वर करून विचारलंसुद्धा, “हाच ना धाकटीचा?”

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. चहा गाळायला उठले.

गाळणं धरून उभी राहिले ती भांड्यात एक थेंब उरला नाही तरी उभीच. तुझा कागद तेव्हा माझ्या शिवणाच्या पिशवीत होता, काजांच्या दोऱ्याखाली. चार पावलांवर. माझ्या कानात एकच वाक्य होतं, घरात एकट्या राहू नका. तू गेलीस की ही खोली, ही धडधड आणि मी. मला वाटलं, एक वर्ष. एक वर्ष राहू दे हिला, मग सांगू.

त्यानंतर घरात आजारी एकच असू शकत होती. ती जागा तुला दिलेली, म्हणून मला झालं की मी न्हाणीत जाऊन नळ सोडायची. तू बाहेरून विचारायचीस, आजी, एवढा वेळ काय करतेस? मी म्हणायची, नटतेय.

आता बसथांब्याचं.

तुला वाटतं मी तेव्हा काळजीने आले. तू तेवीस वर्षांची होतीस, ऑफिसातल्या मुलामुलींबरोबर डोंगर चढायला निघाली होतीस. मला न सांगता, सात वर्षांनी पहिल्यांदा. शेजारणीने सांगितलं आणि मी चपला उलट्यासुलट्या घालून पळाले. त्या सगळ्यांसमोर तुझं मनगट धरलं आणि ओरडले, “हिच्या छातीत दोष आहे. वर काही झालं तर तुम्ही जबाबदार.”  त्यांतल्या एकाने तुझी पिशवी गाडीतून खाली काढून दिली, किती हळू काढली, काचेचं काही असावं तशी. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “झालं समाधान?” महिन्याभरात बदली मागून घेतलीस.

तुला काही होईल म्हणून मी आले नव्हते, धाकटे. तुला काही होणार नाही म्हणून आले. तू डोंगर चढून हसत घरी आली असतीस, तर सात वर्षांचं माझं सगळं एका दुपारी उघडं पडलं असतं.

कोर्टसाहेब, लिहिलंत? वाचून दाखवा. नको, राहू दे.

पेटी कधीच माळ्यावर नव्हती. पलंगाखाली आहे, होती तिथेच. दोन्ही कागद सोबत जोडलेत. डागाचा तुला माहीत आहे. कोरा तू पहिल्यांदा बघशील. त्याचा खालचा डावा कोपरा दुमडलेला आहे, तो मी त्याच दिवशी सर गेल्यावर दुमडला. दर वर्षी पेटी आवरताना हाताला लागायचा आणि मी पुन्हा तळाशी सारायची.

तीस तारखेला तुला कुठला जोडायचा ते तू ठरव. डागाचा जोडलास तर तळघर मिळेल. मी कुणाला काही बोलणार नाही, तेवढं मला येतं हे तू पाहिलंच आहेस. पण कोराही डोळे मिटून जोडू नकोस. तो अकरा वर्षांपूर्वीचा आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत तुला आता कळली. व्यायामबाई म्हणते, असलं दुखणं क्वचित घराण्यातही असतं, आणि धडधड निव्वळ भीतीची असली तरी ती काही खोटी नसते. म्हणून तू आपला नवा कार्डिओग्राम काढ. तुझा तू. पट्ट्यावर चालवून काढतात तोही काढ. डॉक्टरला सांग, आजीला आहे. हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगेल.

माफ कर असं म्हणत नाही. ते म्हणायला तोंड लागतं.

मोठी


११ एप्रिल

धाकटे,

तुझं पाकीट काल आलं.

कोर्टसाहेब फोडायला लागले, मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, आधी मी वाचते. त्यांनी भुवया वर केल्या, पण चष्मा काढून खिशात ठेवला. सभ्य माणूस आहे. व्यायामखोलीतल्या बाकावर बसून मी पाकिटात हात घातला आणि न बघता कोपरेच चाचपले. दोन कागद होते. पहिल्याचा एक कोपरा फाडलेला.

बाहेर काढून बघितलं तर डागाचा. माझा मला परत. म्हणजे तू तो जोडला नाहीस. कोपरा फाडलायस तो चांगला जोर लावून फाडलायस, नावाच्या कडेपर्यंत चीर गेलीय. भांडण आहे. असायलाच हवं, नसतं तर मला भीती वाटली असती. तो तसाच्या तसा व्यायामबाईच्या हातात दिला आणि म्हटलं, सापडला. ती डाग बघून म्हणाली, अहो, कागदावर कप कसा ठेवलात? मी म्हटलं, सवय वाईट. तिने तो माझ्या फायलीत लावला. अकरा वर्षांनी माझं दुखणं माझ्या नावावर चढलं. आता गोळ्या बदलताहेत.

दुसरा कागद लांबलचक, घड्या घातलेला. मी तो मांडीवर उलगडत गेले. अक्षर मला येत नाही, पण टाके येतात, आणि गेल्या दोन महिन्यांत या खोलीच्या भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या स्वतःच्या ठोक्यांचे इतके पाहिलेत की चांगला कुठला आणि उसवलेला कुठला ते लांबून कळतं. तुझे सुरुवातीला सुटे सुटे आहेत, चालत असल्यासारखे. मग जवळ येत जातात. मग आणखी जवळ, बारीक, दाट, एकाला एक लागून, तरी सगळे एका मापाचे. काजाच्या कडेला घालतो तसे. कुठे दोरा तुटलेला नाही, कुठे उडी नाही. शेवटी पुन्हा सुटे. मी बोट ठेवून अथपासून इतिपर्यंत तीनदा वाचला. मधल्या दाट भागात तू धावत होतीस.

मग कोर्टसाहेबांना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. नाव. वय सत्तावीस, स्वच्छ, त्याच्यावर काही सांडलेलं नाही. तारीख अठ्ठावीस मार्च. खाली डॉक्टरांची एक ओळ, दोष आढळला नाही. मी विचारलं, आणि तिने काय लिहिलंय? त्यांनी कागद उलटा केला, पाकीट झटकलं, आत डोळा लावून बघितलं.

“काही नाही,” ते म्हणाले. आणि मग, हा माणूस छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी न बोललेलं बोलला असेल, “पण पाठवलंय तर खरं.”

त्यांना काय ठाऊक. त्यांनी कोपरे लिहून घेतले, त्यांना ते वाचता येत नाहीत.

तुझ्या कागदाचा कुठलाच कोपरा फाडलेला नाही. वरचा उजवा सरळ आहे. खालचा डावा दुमडलेला आहे, नखाने दाबून, दुसरीत दुमडायचीस तसा.

तो मी पेटीत ठेवलेला नाही. टेबलावर आहे, आणि टेबलावर हल्ली कप ठेवत नाही. तू कधी येशील, डोंगर कसा आहे, यातलं काही विचारत नाही. रोज वीस मिनिटं चालते. परवा पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर चालले, बसथांब्यापर्यंत आणि परत. तिथे थोडं धडधडलं. बाकावर बसले, थांबायची वाट पाहिली, थांबलं, उठले.

वरचा उजवा कोपरा माझ्याकडून दुमडला जाणार नाही. तो तुझ्या हातचा.

मोठी
(अंगठा जरा पसरला आहे. शाई ओली होती.)